हळदीच्या घडीतलं फुलपाखरू

श्रावण लागला की कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानाला मागणी येते. नागपंचमीला पातोळ्या करायच्या तर तांदळाच्या पिठाचा लेप आणि गूळ-खोबऱ्याचं चूण सामावेल असं रुंद, कोवळं, अख्खं पान लागतं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही १५ ऑगस्टच्या फेस्ताच्या पातोळ्यांसाठी हेच पान खुडलं जातं. पानं काढायला परसात उतरलेल्या हाताला दरवर्षी काही पानं अशी लागतात, की ज्यांची कड आत दुमडलेली असते, पांढऱ्या रेशमी टाक्यांनी पानाला चिकटवलेली असते आणि आजूबाजूचा भाग कुरतडलेला असतो. कीड लागली म्हणून असं पान बाजूला फेकलं जातं, नाहीतर तिथल्या तिथे चुरगाळलं जातं. त्या घडीत बहुतेक वेळा एक हिरवट, अर्धपारदर्शक अळी असते. तिला आणखी दोन-तीन आठवडे मिळाले, तर त्याच परसात एक फुलपाखरू उडणार असतं.

या फुलपाखराचं इंग्रजीतलं रूढ नाव ग्रास डेमन आणि शास्त्रीय नाव उडास्पिस फोलस. पीटर क्रेमर या डच अभ्यासकाने १७७५ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. श्रीलंका, भारत, म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन, तैवान अशा मोठ्या पट्ट्यात त्याचा वावर आहे. महाराष्ट्रात ते सह्याद्रीच्या जंगलात दिसतं, कोकणातल्या परसात दिसतं, हळदीच्या शेतात दिसतं आणि शहरातल्या एखाद्या गॅलरीत हळदीची कुंडी असेल तर तिथेही अंडी घालायला येऊ शकतं. फुलपाखराचं आयुष्य अंड्यापासून पंखांपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची ज्याला इच्छा आहे, त्याने सुरुवात याच जातीपासून करावी. हिची अळी फारशी भटकत नाही, तिचं घर दुरून ओळखता येतं, तिचं खाद्य स्वयंपाकघरातल्या कंदातून उगवतं आणि अंडं ते फुलपाखरू हा प्रवास साधारण महिनाभरात पुरा होतो. शाळेतल्या मुलांना पुस्तकातली आकृती दाखवण्यापेक्षा एक हळदीची कुंडी दाखवणं कितीतरी चांगलं.

ग्रास डेमन स्किपर कुळातलं आहे. शास्त्रात या कुळाला हेस्पेरिडी म्हणतात आणि जगभरात त्यात साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. जाड, केसाळ धड, रुंद डोकं, मोठे डोळे आणि धडाच्या मानाने आखूड पंख, ही या कुळाची ठेवण. उडणं झटक्याझटक्यांचं; नजर एका फुलावर स्थिरावते तोवर फुलपाखरू तिसऱ्या फुलावर गेलेलं असतं. सगळ्यात पक्की खूण स्पर्शिकांची. इतर फुलपाखरांच्या स्पर्शिका टोकाला फुगीर होऊन संपतात, स्किपरच्या मात्र फुगीर भागाच्या पुढे निमुळत्या होऊन मागे वळतात. तिथे आकडा दिसला की कूळ ठरलं.

पश्चिम घाटात फुलपाखरांच्या सुमारे ३४० जाती नोंदल्या आहेत आणि त्यांत स्किपर पुष्कळ आहेत. तरीही नवख्या निरीक्षकांच्या वह्यांत त्यांची नावं क्वचितच सापडतात, कारण बरेचसे स्किपर तपकिरी असतात, अंगावर बारीक ठिपके असतात आणि एका जातीतून दुसरी वेगळी काढायला कधी एका ठिपक्याची जागा पाहावी लागते. अनेक जण त्यांना पतंग समजून सोडून देतात. ग्रास डेमनच्या बाबतीत ही अडचण येत नाही, आणि म्हणूनच या कुळाशी ओळख करून घ्यायला तो चांगला दरवाजा आहे.

पंख पसरलेल्या ग्रास डेमनची रुंदी सुमारे चार ते साडेचार सेंटीमीटर भरते. वरून पंख काळपट तपकिरी. पुढच्या पंखांवर लहान-मोठे पांढरे, अर्धपारदर्शक ठिपके विखुरलेले असतात, उजेडाकडे धरल्यासारखे ते चमकतात. मागच्या पंखाच्या मधोमध एक मोठा पांढरा डाग असतो आणि ओळख पटवायला तोच पुरतो. फुलपाखरू बहुतेक वेळा पंख मिटून बसतं, त्यामुळे खालची बाजू नीट पाहून ठेवावी. तिथेही तो पांढरा डाग दिसतो, पण त्याच्या भोवती तपकिरी आणि राखाडी छटांची गुंतागुंत असते. नर-मादी दिसायला जवळपास सारखेच. सोंड अतिशय लांब असते, त्यामुळे खोल, अरुंद नळीच्या फुलांतला मध त्याला सहज मिळतो. फुलावर बसलेल्या ग्रास डेमनकडे दुर्बिणीतून पाहिलं तर ती सोंड फुलाच्या तळापर्यंत पोचवताना तो कसा अंग वळवतो, तेही दिसतं.

गफलत होऊ शकते ती एकाच गटाशी. रिस्ट्रिक्टेड डेमन आणि कॉमन बँडेड डेमन हे दोन स्किपरही याच भागात राहतात आणि त्यांच्या अळ्याही आलं-हळदीच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. दोघेही काळपट आहेत, दोघांच्याही पुढच्या पंखावर एक ठळक तिरपा पांढरा पट्टा असतो. पण त्यांच्या मागच्या पंखावर पांढरा डाग नसतो. तेव्हा नियम सोपा: मागच्या पंखावर मोठा पांढरा डाग असेल तर ग्रास डेमन, मागचा पंख कोरा आणि पुढच्या पंखावर पांढरा पट्टा असेल तर दुसऱ्या दोघांपैकी एक. त्या दोघांमधला फरक सांगायला खालच्या बाजूचा स्वच्छ फोटो हवा, कारण पांढरा पट्टा पंखाच्या वरच्या कडेपर्यंत पोचतो की त्याआधीच थांबतो हे तिथे पाहावं लागतं. नवख्याने त्यात लगेच शिरू नये.

फुलपाखराला शोधत फिरण्यापेक्षा त्याच्या झाडापाशी थांबावं. हळद, आंबेहळद, रानहळद, आलं, सोनटक्का ही त्याची झाडं. पहिल्या पावसाने सह्याद्रीच्या उतारांवर रानहळदीची पानं वर येतात आणि त्यानंतर काही आठवड्यांत त्यांवर घड्या दिसू लागतात. शेतातल्या हळदीवर अळ्यांचं प्रमाण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जास्त असतं, घरच्या कुंडीतही तोच हंगाम धरून चालावं. सावली आणि ओलावा असलेल्या जागा या फुलपाखराला आवडतात. मादी अंडी घालायला आली की तिचं वागणं चटकन बदलतं: वेगाने उडणारं फुलपाखरू अचानक संथ होतं, पानांच्या कडेकडेने फिरतं, एका पानावर टेकतं, पोटाचं टोक वाकवतं आणि क्षणात निघून जातं. तिने नेमकं कोणतं पान निवडलं ते नजरेत धरून ठेवावं आणि ती गेल्यावरच जवळ जावं.

अंडं एकटं घातलेलं असतं; एका पानावर दोन दिसली तरी ती वेगवेगळ्या वेळची असू शकतात. आकार घुमटाचा, मोठेपणा टाचणीच्या डोक्याएवढा, रंग तांबूस. हिरव्या पानावर तांबूस ठिपका म्हणून ते सापडायला कठीण नाही, फक्त पानाच्या दोन्ही बाजू पाहायला हव्यात. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम. नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहावा. अंडं बोटाने हलवू नये, पान खुडून घरात आणण्याचीही घाई करू नये. झाडावरच ते जास्त सुरक्षित असतं आणि खुडलेलं पान अंडं फुटायच्या आत सुकतं. साधारण चार-पाच दिवसांनी अंड्याचा वरचा भाग काळपट दिसू लागतो. तो आतल्या अळीच्या डोक्याचा रंग. त्यानंतर अळी कवच कुरतडून बाहेर येते.

यापुढचे दोन-तीन आठवडे अळीचे आहेत आणि पाहण्यासारखं जास्तीत जास्त इथेच आहे.

नुकती बाहेर आलेली अळी फिकट, बारीक, काळ्या डोक्याची असते. पोटभर खाण्याआधीच ती घर बांधायला घेते. पानाच्या कडेशी जाऊन ती एक छोटी चीर पाडते, तयार झालेली झडप पानावर वळवते आणि तोंडातून निघणाऱ्या रेशमाने बांधून टाकते. हे काम पाहणं हा मोठा आनंद आहे. अळी डोकं एका बाजूला नेऊन धागा चिकटवते, मग तो ताणत दुसऱ्या बाजूला नेते, पुन्हा मागे येते, असं करत एकाच जागी धाग्यांचा जाडसर टाका तयार होतो. वाळताना धागे आखडतात आणि टाक्यागणिक पानाची कड थोडी थोडी जवळ ओढली जाते. हळदीचं रुंद, चिवट पान एवढ्याशा जिवाला वाकवता येतं ते या रीतीने. अळी वाढली की जुनी घडी अपुरी पडते. मग अळी ती सोडून मोठी घडी करते, आणि शेवटच्या टप्प्यात तिला पानाचा मोठा भाग गुंडाळावा लागतो. एकाच झाडावर दोन बोटांची रिकामी घडी, तिच्यापासून थोड्या अंतरावर चार बोटांची, आणि वर एक लांब सुरळी असं दिसलं, तर त्या तीनही वास्तू एकाच अळीच्या असण्याची शक्यता बरीच आहे.

अळी कोष होईपर्यंत पाच अवस्थांतून जाते आणि दर दोन अवस्थांमध्ये कात टाकते. कात टाकण्याआधी ती खाणं थांबवते, घडीत निश्चल पडून राहते. नवखा माणूस इथे घाबरतो, अळी मेली असं समजतो आणि तिला ढोसतो. तसं करू नये. हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक काळ आहे. एखाद्या दिवसाने नवी कातडी घेऊन ती पुन्हा खायला लागते, आणि घडीत किंवा घडीबाहेर जुन्या डोक्याचं काळं कवच पडलेलं सापडतं. ही कवचं जपून ठेवावीत. कागदावर ओळीने चिकटवली की अळी किती वेगाने वाढली ते एका नजरेत कळतं.

पूर्ण वाढलेली अळी चार-पाच सेंटीमीटर लांब असते. शरीर फिकट हिरवं आणि अर्धपारदर्शक, डोकं काळं, मोठं, आणि दोघांच्या मध्ये बारीक मान. ही बारीक मान स्किपर कुळातल्या अळ्यांची ठळक खूण आहे. पारदर्शक कातडीतून पाठीवरची गडद रेघ दिसते, ती तिची रक्तवाहिनी. भिंगातून पाहिलं तर तिचं स्पंदनही दिसतं. या कुळातल्या अनेक पारदर्शक अळ्यांमध्ये पाठीच्या मागच्या भागात पिवळसर डागांची एक जोडी दिसते. ती नराची वृषणं. म्हणजे फुलपाखरू होण्याच्या कितीतरी आधी, अळी असतानाच नर ओळखता येतो.

घडीत अळी आहे की नाही हे पाहायला घडी उघडायची गरज नाही. पान सकाळच्या उन्हाकडे धरलं की आतली सावली दिसते. पान तोडायचंही कारण नाही, स्वतः वाकून त्याच्यामागे उजेड येईल असं उभं राहावं. घडी उलगडली की रेशमी टाके तुटतात, अळीला सगळं काम पुन्हा करावं लागतं आणि तेवढा वेळ ती मुंग्यांच्या, पक्ष्यांच्या आणि गांधीलमाशांच्या नजरेला उघडी पडते. जिज्ञासेपोटी दिवसातून तीनदा घडी उघडणाऱ्यांच्या अळ्या कोषापर्यंत पोचत नाहीत.

घडीत एक गोष्ट नसते, ती म्हणजे घाण. एवढी खादाड अळी इतक्या चिंचोळ्या जागेत राहते आणि तरी तिचं घर स्वच्छ असतं. स्किपर कुळातल्या बहुतेक अळ्यांच्या शेपटाशी एक बारीक फणी असते आणि तिच्या आधाराने त्या विष्ठेची गोळी जोराने लांब फेकतात. अमेरिकेत मार्था वाइस यांनी सिल्व्हर-स्पॉटेड स्किपर या जातीवर केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात चार सेंटीमीटर लांबीची अळी दीड मीटरपर्यंत गोळी फेकताना आढळली. कारणही त्यांनी शोधलं: विष्ठेच्या वासाने गांधीलमाशा येतात, आणि ज्या अळीच्या घराशी विष्ठा साचते ती लवकर मारली जाते. हळदीच्या वाफ्यात याचा उपयोग असा, की खालच्या पानावर काळपट हिरव्या गोळ्या पडलेल्या दिसल्या म्हणून अळी बरोबर त्यांच्या वरच असेल असं धरू नये. आजूबाजूची रोपंही पाहावीत.

इतकी काळजी घेऊनही सगळ्या अळ्या वाचत नाहीत. बारीक परजीवी गांधीलमाशा अंड्यात किंवा अळीत आपली अंडी घालतात. अळी मलूल झाली आणि तिच्या अंगाशी पांढऱ्या, बारीक कोषांचा पुंजका दिसू लागला, तर ते त्या माशांचे कोष आहेत. पाळणाऱ्याला वाईट वाटतं. पण हे कोष फेकू नयेत, वेगळ्या बाटलीत ठेवून त्यांतून काय बाहेर येतं ते पाहावं, फोटो काढावा, तारीख लिहावी. कोणत्या अळीवर कोणती परजीवी माशी जगते याच्या नोंदींना अभ्यासात फुलपाखराच्या नोंदीइतकंच मोल आहे.

शेवटी अळी खाणं सोडते. शेवटच्या सुरळीत ती आतून पांढरी, मेणकट भुकटी पसरते. बाहेर धो धो पाऊस असला तरी आतली जागा कोरडी राहायला या भुकटीची मदत होते. पातोळ्यांच्या पानाला आतून अशी पांढरी पूड दिसली, तर ती बुरशी नसण्याची शक्यता मोठी आहे. कोष फिकट हिरवा, लांब आणि सडपातळ; डोक्याच्या बाजूला टोकदार, आणि सोंडेचं लांब आवरण पोटाच्या बाजूने खाली उतरलेलं. फुलपाखराची सोंड किती लांब असणार हे कोषातच कळतं. साधारण आठवडाभर कोष असाच राहतो. मग आधी डोळे गडद होतात, मागोमाग पंखांची जागा काळी पडते आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके उमटतात. हे दिसलं की पुढच्या दिवसभरात फुलपाखरू बाहेर येणार असं समजून त्या झाडापाशी सकाळ मोकळी ठेवावी.

बाहेर आलेलं फुलपाखरू ओलं आणि चुरगळलेलं असतं. ते सुरळीतून निघून वर चढतं, कशाला तरी धरून लटकतं आणि पंखांत द्रव भरत ते उलगडतं. या वेळी त्याला लटकायला मोकळी जागा मिळाली नाही तर पंख वाकडे सुकतात आणि मग ते कधीच उडू शकत नाही. बरणीत पाळलेल्या फुलपाखरांचं सर्वांत मोठं नुकसान होतं ते इथे.

म्हणून पाळण्याविषयी थोडं सविस्तर. सर्वांत चांगली पद्धत म्हणजे अळी झाडावरच राहू द्यावी आणि त्या पानाभोवती मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी बांधावी. पिशवीचं तोंड देठाशी हलक्या हाताने बांधावं, पान आत दाबलं जाऊ नये. पान संपत आलं की पिशवी पुढच्या पानावर सरकवावी. झाड जवळ नसेल आणि अळी घरात आणणं भागच असेल, तर ती ज्या घडीत आहे ते पान घडीसकट कापून आणावं. रुंद तोंडाच्या डब्यावर जाळीचं कापड बांधावं, तळाला कागद घालावा, तो रोज बदलावा. पानाचा देठ पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवायचा असेल तर बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करावं, नाहीतर अळी पाण्यात पडून मरते. नवं पान दिल्यावर जुन्या घडीतून अळी ओढून काढू नये. जुनं पान नव्याला टेकवून ठेवावं, ती आपण होऊन जाते आणि नवी घडी करते. डबा उन्हात ठेवू नये. आत पाण्याचे थेंब जमू देऊ नयेत, पावसाळ्यात बुरशी हाच मोठा शत्रू असतो. कोष झाल्यावर सुरळी उभ्या काडीला सैल बांधून मोठ्या जाळीत ठेवावी. फुलपाखराचे पंख सुकले की त्याला जिथून अळी आणली तिथेच सोडावं. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून मात्र अंडं, अळी, पान, काहीही उचलू नये. तिथे फक्त पाहावं.

ही पद्धत नवी नाही. सातारला जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, म्हणजे ई.एच.ए. या आद्याक्षरांनी लिहिणारे निसर्गलेखक, १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना करणाऱ्यांपैकी एक होते. ते, वनखात्यातले टी. आर. बेल आणि जिल्हाधिकारी जे. डेव्हिडसन यांनी तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कानडा जिल्ह्यात फुलपाखरांच्या अळ्या गोळा केल्या, वाढवल्या आणि त्यांचं वर्णन १८९६-९७ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. तिघेही नोकरदार होते, मोकळ्या वेळात हे काम करत होते. दक्षिण भारतातल्या कितीतरी फुलपाखरांच्या अळ्या कशा दिसतात आणि काय खातात हे जगाला आधी कळलं ते कारवारच्या आसपास चाललेल्या या घरगुती खटाटोपातून. अळी पाळायला प्रयोगशाळा लागत नाही, चिकाटी आणि वही लागते.

आता शेतकऱ्याचा प्रश्न. हळद हे महाराष्ट्रातलं महत्त्वाचं नगदी पीक आहे. वर्ध्याच्या वायगावच्या हळदीला २०१६ साली, सांगलीच्या हळदीला २०१८ साली आणि हिंगोलीच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्याचं वर्षाचं उत्पन्न त्या वाफ्यात आहे, त्याने प्रत्येक अळीकडे कौतुकाने पाहावं ही अपेक्षा रास्त नाही. पण पानं गुंडाळणारी अळी आणि हळदीचे खरे शत्रू यांत फरक करायला शिकणं त्याच्याच हिताचं आहे. खोड पोखरणारी अळी असेल तर खोडावर भोक दिसतं, भोकाशी भुसा साचतो आणि मधला पोंगा पिवळा पडून वाळतो. कंदमाशीच्या अळ्या जमिनीखाली कंदात शिरतात आणि कंद कुजतो. ही दोन्ही नुकसानं उत्पादनाला थेट भिडतात, त्यांच्यावर वेळेत उपाय केलाच पाहिजे. ग्रास डेमनची अळी पान खाते, खोडाला आणि कंदाला हात लावत नाही. जोमदार रोपाची एक-दोन पानं अर्धी गेली म्हणून कंदाचं वजन घटत नाही. घड्या फार झाल्या तर त्या हाताने वेचाव्यात. पानाची घडी पाहून लगेच फवारा मारणं हा महागडा आणि चुकीचा उपाय आहे, कारण त्यात आधी मरतात त्या परजीवी माशा, ज्या या अळ्यांची संख्या फुकटात आटोक्यात ठेवत असतात. प्रादुर्भाव खरोखरच मोठा असेल तर औषध आणि मात्रा कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी सहायकाच्या सल्ल्यानेच ठरवावी. परसातल्या हळदीवर तर काहीच मारू नये, ती पानं खाण्यासाठी वापरली जातात.

ज्यांच्याकडे हळद नाही त्यांनी मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला कुंडीत लावावी. शेतीसाठी विकलं जाणारं बेणं बहुधा कीडनाशकात बुडवलेलं असतं, म्हणून घरगुती किंवा शेजाऱ्याच्या परसातला ओला कंद घ्यावा, त्याला दोन-तीन डोळे असावेत. कुंडी खोल आणि रुंद, माती भुसभुशीत, पाण्याचा निचरा चांगला, जागा अर्ध्या सावलीची. एका अळीला पोटभर खायला दोन-तीन पानं सहज लागतात, तेव्हा तीन-चार कंद लावलेले बरे. हिवाळ्यात हळदीची पानं पिवळी पडून वाळतात. शेजारी सोनटक्का लावला आणि त्याला ओलावा मिळत राहिला, तर तो पुढेही हिरवा राहतो आणि फुलपाखराला दुसरी सोय होते. जवळ लांब नळीची फुलं असतील तर फुलपाखरू मधासाठीही तिथे रेंगाळतं.

एकदा ही घडी ओळखायला शिकलं की डोळ्यांना इतर घड्याही दिसू लागतात. भाताच्या पानाची नळी करून राहणारी राइस स्विफ्टची अळी, केळीच्या पानाची जाड सुरळी करणारी बनाना स्किपरची अळी, माडाच्या पात्या जोडून त्यांत राहणारी जायंट रेडआयची अळी, जिच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे लांब धागे असतात, अशा स्किपरच्या कितीतरी अळ्या आपल्या शेताबागांत आहेत. प्रत्येकीचं झाड वेगळं, घडी घालण्याची रीत वेगळी.

पाहिलेलं लिहून ठेवावं आणि योग्य ठिकाणी पाठवावं. २०२० पासून देशभरातले फुलपाखरूप्रेमी सप्टेंबर महिना बिग बटरफ्लाय मंथ म्हणून पाळतात आणि हळदीवरच्या अळ्यांचा हंगामही तोच आहे. आयनॅचरलिस्टसारख्या खुल्या व्यासपीठावर मोबाइलवरून नोंद टाकता येते. पंखांचा फोटो बहुतेक जण टाकतात. अंड्याचे, अळीचे आणि कोषाचे फोटो फार थोडे येतात, आणि त्यांचीच खरी गरज आहे. या वर्षी हळदीचं गुंडाळलेलं पान हाती आलं तर ते झाडावरच राहू द्या, घडीचा फोटो काढा आणि झाडाचं नाव, गाव व तारीख लिहून पाठवा.